सारखा डावाच डोळा! कॅमेलियनचं हे दुखणं पुन्हा पुन्हा का उलटतंय?

फांदीवरचा

मंडळी, इतके दिवस इथे नुसता वाचनमात्र होतो. आज धागा काढायची वेळ आली.

माझ्याकडे येमेनी कॅमेलियन आहे, डोक्यावर उंच तुरा असतो तो. व्हेल्ड म्हणतात त्याला. नर, अडीच वर्षांचा. नाव डुलक्या. चालताना वाऱ्यावरच्या पानासारखा मागेपुढे डुलतो म्हणून ठेवलं होतं. आता भर दुपारी एक डोळा मिटून बसतो तेव्हा ते नाव माझं मलाच टोचतं.

सात महिन्यांत डावा डोळा चौथ्यांदा बिघडलाय. पहिल्या वेळी डोळ्याचा शंकू फुगला, टोकाचं छिद्र चिकटलं, दिवसभर फांदीला डोळा घासत बसायचा. व्हेटकडे नेलं. त्यांनी बाहेरून बघून अँटिबायोटिकचे थेंब दिले. चौथ्या दिवशी डोळा टक्क उघडा, आम्ही खूश. पाच आठवड्यांनी पुन्हा तेच. परत थेंब, परत बरा, परत तेच. आता परवापासून छिद्राच्या कडेला पिवळट चिपडं दिसतायत. आणि यावेळी नवीन भर म्हणजे जिभेचा नेम चुकतोय. रातकिड्यावर जीभ टाकतो, ती बोटभर अलीकडेच पडते. मग काही झालंच नाही अशा थाटात दुसरीकडे बघत बसतो.

उजवा डोळा ठणठणीत. खातो, पण कमी.

दर वेळी नवं इन्फेक्शन होतंय, की पिंजऱ्यातच काही घोळ आहे? चार फोटो टाकलेत, तिसरा पूर्ण पिंजऱ्याचा आहे.

शंकासुर

चौथ्यांदा नाही हो. पहिल्यांदाच झालंय आणि ते अजून संपलेलं नाही. त्याच डोळ्याला, तेवढ्याच अंतराने दर वेळी नवं इन्फेक्शन? मला नाही पटत. आत काहीतरी दडून बसलंय. थेंब चालू असले की गप्प राहतं, थांबले की डोकं वर काढतं.

नवखा_दोन

फोटो बघून कसंतरी झालं. बरा होऊ दे लवकर.

अवांतर: कॅमेलियनला मराठीत सरडाच म्हणायचं ना?

सरडामावशी

आधी अवांतर उरकते. कुंपणावर मान वरखाली करत बसतो तो सरडा वेगळा. कॅमेलियन म्हणजे घोयरा. सरड्याची धाव निदान कुंपणापर्यंत तरी असते, घोयऱ्याला तेवढंही अंतर कापायला अर्धी सकाळ लागते.

आता मुद्द्याचं. फांदीवरच्या, तू डोळ्याचं सगळं लिहिलंस आणि पिंजऱ्याचं काहीच नाही. दिवा कुठला, किती जुना, पाठीपासून किती वर? पावडरी कुठल्या, कधी कधी? फवारणी किती वेळ करतोस? झाडं कुठली? किडे रात्री आत सुटे राहतात का? राहिले तर झोपलेल्या सरड्याचा डोळा कुरतडायला रातकिडा मागेपुढे बघत नाही, माझ्याकडे झालंय तसं. आणि वजन. अंदाजाने नको, काट्यावर ठेवून ग्रॅममध्ये सांग.

एक गोष्ट नवीन लोकांसाठी. डोळा फुग्यासारखा फुगवून, गरगर फिरवून फांदीला घासणं हे एरवी दुखणं नव्हे. घोयरा असाच डोळा धुतो. फवारा झाला की किंवा झोपायच्या आधी मिनिट-दोन मिनिटं हा कार्यक्रम चालतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं आता डोळा खोबणीतून बाहेर येतो. त्याची काळजी नको. काळजी कधी? दिवसाउजेडी डोळा मिटलेला दिसला की. निरोगी घोयरा दिवसा डोळा मिटून बसत नाही. एकही नाही.

फांदीवरचा

मावशी, ओरडा अपेक्षित होताच. घ्या.

पिंजरा जाळीचा, ६० बाय ६० बाय १२० सेंटीमीटर. यूव्हीबीची (उन्हातले अतिनील किरण देणारी) टी५ नळी, ६ टक्केवाली, जाळीच्या वर ठेवलेली. कधी आणली ते आठवत नव्हतं, बिल शोधलं. १९ महिने झाले. उबेला साधा बल्ब, त्याच्या खाली २९-३० अंश. झाडं मनीप्लांट आणि फायकस. शिवाय दोन नकली वेली, वाकवता येतात त्या, वरून शेवाळ चिकटवल्यासारख्या. फवारणी हातपंपाने दिवसातून तीनदा, अर्धा अर्धा मिनिट. डी३ नसलेलं कॅल्शियम रोज, मल्टिव्हिटॅमिन महिन्यातून दोनदा. उरलेले किडे रात्री काढून घेतो, ते एक तरी बरोबर करतोय.

वजन आज १५१ ग्रॅम. आठ महिन्यांपूर्वीच्या वहीत १६८ आहे. हे लिहिताना पोटात गोळा आला. नुसतं बघून मला तो होता तेवढाच वाटत होता.

दिवाबत्ती

१९ महिने!!! अरे बाबा, टी५ नळीचं यूव्हीबी साधारण वर्षभर धरायचं. ती पेटलेली दिसते म्हणजे चालू आहे असं नसतं. डोळ्याला दिसणारा उजेड तसाच राहतो, यूव्हीबी मात्र गुपचूप उतरत जातं. ते आपल्याला दिसत नाही, म्हणून तर मीटर लागतो. यूव्ही इंडेक्स मोजणारा मीटर घे किंवा कुणाकडून आण. उन्हाला बसायच्या फांदीवर, त्याच्या पाठीच्या उंचीला, ३ च्या आसपास हवा. वरची जाळीही बरंच अडवते. आणि मध्ये काच असेल तर नळी लावूच नका, काचेतून यूव्हीबी येतच नाही म्हटलं तरी चालेल.

उलट टोकाचीही भानगड असते. दिवा फार जवळ असेल किंवा त्यातून नको त्या छोट्या लहरी बाहेर पडत असतील तर डोळे भाजतात. वेल्डिंगकडे बघितल्यावर होतं तसं. पूर्वी काही गुंडाळी बल्बांनी असे प्रकार केले होते, तेव्हापासून मी सरळ नळीशिवाय काही वापरत नाही.

शंकासुर

दिव्याने भाजलं असतं तर दोन्ही डोळे गेले असते ना? दिवा काही डावा डोळा बघून पडत नाही.

दिवाबत्ती

बरोबर. दिवा हे डोळ्याचं कारण आहे असं मी म्हणालोच नाही. नळी बदल एवढंच म्हणतोय. मी दिव्यावरच बोलतो, सगळ्यांना माहितीये :)

आडवाटेचा

जिभेच्या नेमावरून एक आठवलं. माणसाला अंतर कळायला दोन डोळ्यांची बरीच मदत होते, कॅमेलियनचं तसं नाही. तो कॅमेऱ्यासारखा फोकस करतो आणि फोकसला किती ताण द्यावा लागला त्यावरून अंतर ताडतो. १९७७ साली यावर प्रयोग झाला होता. कॅमेलियनच्या डोळ्यांपुढे चष्म्याच्या काचा बसवल्या, तर काचेच्या नंबरप्रमाणे त्याची जीभ कमी-जास्त अंतरावर पडायला लागली. पुढे १९९५ मध्ये असंही दिसलं की त्याच्या डोळ्यातलं भिंग चक्क ऋण शक्तीचं, म्हणजे प्रकाश फाकवणारं, आहे. आपलं असतं त्याच्या उलट. त्यामुळे डोळ्याच्या आतल्या पडद्यावरची प्रतिमा मोठी पडते.

सांगायचं कारण असं, की हे सगळं एका डोळ्यावरही चालतं. डावा मिटलेला असला तरी उजव्याने नेम साधायला हवा. मग जीभ अलीकडे का पडते? उजवा डोळा खरंच ठणठणीत आहे का? की जिभेचंच काही आहे?

मूक_वाचक

बाप रे, सरड्याला चष्मा. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

जनावरांची_डॉक्टर

आडवाटेचा यांनी योग्य ठिकाणी बोट ठेवलंय. मी सरपटणाऱ्या प्राण्यांवर काम करते. फोटो बघून निदान करत नाही, तेव्हा पुढचं सगळं फक्त दिशा म्हणून घ्या.

आधी डोळा समजून घ्या. कॅमेलियनच्या वरच्या-खालच्या पापण्या जुळून एक शंकू झालेला असतो, टोकाला बुबुळापुरतं छिद्र. आपल्याला दिसतो तो हा शंकू. त्याच्या आत, पापणी आणि डोळ्याच्या मध्ये, ऐसपैस पोकळी असते. धूळ, कातेचा तुकडा, किड्याच्या पायाचा काटा, झाडाचं तूस, काहीही त्या छिद्रातून आत जाऊ शकतं. बाहेर यायला मात्र तेवढाच एक दरवाजा.

दुसरं, यांचा पू आपल्यासारखा वाहत नाही. मेणासारखा घट्ट होतो, गोळी धरतो. बाहेरून थेंब टाकले की गोळीच्या आजूबाजूचे जंतू मरतात, सूज उतरते, डोळा उघडतो. गोळी जागच्या जागी. काही आठवड्यांनी पुन्हा सुरू. शंकासुर म्हणतात ते म्हणूनच बरोबर वाटतं. अशा डोळ्याला थेंबांच्या आधी धुवून काढणं लागतं. निर्जंतुक सलाइन, मऊ बारीक नळी, आणि बहुतेक वेळा थोडी गुंगी, कारण शुद्धीवर असलेला कॅमेलियन शंकू इतका आवळून घेतो की आत काही शिरत नाही. सोबत चट्टा आहे का ते बघायला डोळ्यात रंग टाकतात, आणि वारंवार होत असेल तर आतला नमुना कल्चरला पाठवतात. चार वेळा अंदाजाने औषध देण्यापेक्षा एकदा जंतू ओळखलेला बरा.

एक डोळा की दोन, हा प्रश्न मी सगळ्यात आधी विचारते. एकच असेल तर त्या डोळ्यात काहीतरी गेलंय, लागलंय, किंवा शेजारी तोंडात गळू आहे. डोळ्याचं पाणी नळीने टाळ्याकडे उतरतं, त्यामुळे तोंड उघडून बघितल्याशिवाय डोळ्याची तपासणी पुरी होत नाही. दोन्ही असतील तर पाणी कमी पडणं, अ जीवनसत्त्व, दिवा, श्वासाचा आजार, असं अंगभर पसरलेलं कारण आधी शोधायचं. पण या दोन्ही गोष्टी एकाच प्राण्यात असू शकतात. अ जीवनसत्त्व कमी पडलं की पापणीच्या आतलं ओलसर अस्तर जाड, कोरडं होतं, नळ्या तुंबतात. मग जे तूस एरवी धुवून निघालं असतं ते तिथेच बसतं. जिभेचा चिकटपणा आणि जोरही कमी होतो. कॅल्शियम कमी असलं तरी जीभ लुळी पडते. यूव्हीबी कमी मिळालं की अंगात डी३ बनत नाही आणि खाल्लेलं कॅल्शियम लागत नाही, म्हणून १९ महिन्यांच्या नळीमुळे तिकडेही शंका आहे.

फांदीवरचा, दोन गोष्टी सांगा. मल्टिव्हिटॅमिनच्या डबीवर अ जीवनसत्त्व कुठल्या रूपात लिहिलंय? आणि आत्तापर्यंत नेमके कुठले थेंब टाकलेत? बाटलीवरची सगळी नावं हवीत, पहिलंच नाही.

फांदीवरचा

डबीवर लिहिलंय: व्हिटॅमिन ए, बीटा कॅरोटिन रूपात.

थेंबांचं लिहायला लाज वाटतेय. पहिल्या दोन वेळा व्हेटनी दिलेली बाटली. तिसऱ्या वेळी ती संपली होती. माझे डोळे आले होते तेव्हाची एक बाटली घरात होती, त्यात अँटिबायोटिक आहे एवढं वाचलं आणि टाकले पाच दिवस. आता नीट वाचतोय. अँटिबायोटिकच्या पुढे डेक्सामेथासोन लिहिलंय.

जनावरांची_डॉक्टर

ती बाटली आत्ताच्या आत्ता टाकून द्या.

डेक्सामेथासोन स्टेरॉइड आहे. सूज झटकन उतरवतं म्हणून बरं वाटल्याचा भास होतो. पण डोळ्यावर चट्टा असेल तर तो भरू देत नाही, खोल करतो, आणि आतल्या जंतूंना मोकळं रान मिळतं. डोळा रंग टाकून तपासल्याशिवाय स्टेरॉइडचा थेंब कधीच नाही. उघडलेली बाटली महिनाभरानंतर ठेवायची नसते हेही आलंच. लेन्स धुवायचं द्रव म्हणजे सलाइन असं समजून ते टाकणारेही भेटतात. त्यात जंतुनाशक असतं, ते नको.

बीटा कॅरोटिनबद्दल: कीटक खाणाऱ्या या प्राण्यांना त्यापासून पुरेसं अ जीवनसत्त्व तयार करता येतं यावर मी विसंबत नाही. पाळलेल्या किड्यांमध्येही ते नगण्य असतं. रेटिनॉल, म्हणजे अ जीवनसत्त्वाचं तयार रूप, असलेली पावडर मला बरी वाटते. पण मात्रा व्हेटने ठरवायची. हे चरबीत विरघळतं, अंगात साठत जातं, जास्त झालं की अंगावर सूज, कातडी सोलवटणं असले प्रकार होतात. कमी पडलंय म्हणून भरमसाट ओतायचं नाही. इंजेक्शन तर स्वतः मुळीच नाही.

ओरडले, त्याबद्दल राग नसावा. निम्मे लोक ही गोष्ट लपवतात, तुम्ही लिहिलीत.

सरडामावशी

डॉक्टरीणबाईंनी माझं निम्मं काम केलं. माझी भर फक्त पाण्याची. तीनदा अर्धा मिनिट म्हणजे पानं ओली झाली आणि वाळली. घोयऱ्याला पाऊस पडतोय असं वाटायलाच मिनिट-दीड मिनिट जातं. तोवर तो नुसता वैतागतो. मग डोळे फुगवायला लागतो, धुवायला लागतो, जीभ काढून पानावरचं पाणी चाटतो. ते सुरू व्हायच्या आत तू पंप खाली ठेवतोस. सकाळी दिवे लागायच्या आधी आणि रात्री मालवल्यावर चांगली लांब, बारीक तुषारांची फवारणी कर. दिवसा पिंजरा वाळू दे, जाळीतून वारा खेळू दे. दिवसभर ओलं राहिलं तर छातीचं दुखणं उपटेल.

आणि शी केल्यावर पांढरा भाग बघ. पांढराशुभ्र हवा. नारिंगी, खडूसारखा दिसला तर पाणी कमी पडतंय.

मूक_वाचक

एरवी मी फारसं काही लिहीत नाही, आज लिहावंसं वाटलं. तिसरा फोटो मोठा करून बघा. उन्हाच्या फांदीखाली जी नकली वेल आहे तिच्या वळणावर शेवाळाचा थर झिजून गेलाय, आतली दोरी दिसतेय. बाकी वेल हिरवीगार आहे, तेवढाच हातभर तुकडा टकला. पहिल्या फोटोत डुलक्या त्याच जागी बसलाय आणि डावी बाजू वेलीला टेकलेली आहे. तिथेच डोळा घासत असेल तर?

शंकासुर

हे मी दहा वेळा बघितलेल्या फोटोत मला दिसलं नाही. साष्टांग नमस्कार.

फांदीवरचा

वेल काढली. आत्ता, रात्री, तो झोपलेला असताना टॉर्च लावून. पांढऱ्या कागदावर तो टकला भाग बोटाने चोळला. कागदावर हिरवे केस पडले, पापणीच्या केसापेक्षाही बारीक, कडक. जिभेवर ठेवून बघितला एक (विचारू नका का), टोचला.

त्या फांदीवर बसलं की त्याच्या डाव्या हाताला ही वेल आणि उजव्या हाताला मोकळं. म्हणजे दोन वर्षं मीच त्याला हा ब्रश पुरवत होतो.

सरडामावशी

सगळ्यांनी त्या वेली लावल्यात रे. मीही. उद्या माझ्याकडच्याही तपासते. जाड सालीच्या खऱ्या फांद्या, स्वच्छ धुवून, याला तोड नाही. आणि फायकसचं पान तुटलं की पांढरा चीक येतो, तो डोळ्याला लागला तर जळजळतो. छाटणी केलीस तर चीक पुसून, झाड धुवून मगच आत ठेव.

फांदीवरचा (सहा दिवसांनी)

काल दुसऱ्या व्हेटकडे जाऊन आलो, फक्त असले प्राणी बघणाऱ्या. खोक्यात आडवी काठी बांधली, वरून कापड टाकून अंधार केला, त्यामुळे प्रवासात शांत होता.

नाकाशी वायू धरून हलकी गुंगी दिली. मग डॉक्टरांनी छिद्रातून मऊ नळी घालून सलाइन सोडलं. शंकू फुगला, पाणी परत बाहेर आलं, नुसतं गढूळ. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा छिद्राशी काहीतरी पिवळं अडकलं आणि चिमट्याने अलगद ओढल्यावर निघालं. मोहरीच्या दाण्याएवढी गोळी. काचेवर ठेवून फोडली तर मधोमध हिरवा केस. मला भिंगातून दाखवला. वळलेला होता, प्रश्नचिन्हासारखा.

रंग टाकून बघितलं: एक उथळ ओरखडा आहे, खोल चट्टा नाही. तोंड स्वच्छ. पापणीचं आतलं अस्तर मात्र जाड वाटतंय म्हणाले, आणि उजव्या डोळ्यातही थोडं. म्हणजे तो ‘ठणठणीत’ नव्हता. अ जीवनसत्त्वाचा मोजून एक डोस तोंडाने दिला, दुसरा दोन आठवड्यांनी तेच देणार. कल्चर पाठवलंय. तोवर स्टेरॉइड नसलेले थेंब. पुन्हा तपासून सांगेपर्यंत बंद करायचे नाहीत, डोळा कितीही छान दिसला तरी. मागच्या वेळी मी कितव्या दिवशी थांबवले होते विचारलं. पाचव्या. नुसते बघत राहिले माझ्याकडे.

नवखा_दोन

थेंब टाकता कसे पण? माझा तर हात जवळ नेला की काळाकुट्ट होतो, फुत्कारतो.

फांदीवरचा

मीही पहिले दोन दिवस कुस्ती केली, मग डॉक्टरांनी दाखवलं तसं करतोय. पकडायचं नाही. हात खालून, छातीच्या पुढे फांदीसारखा आडवा धरायचा, तो आपणहून चढतो. वरून आलेला हात म्हणजे त्याच्या लेखी ससाणा. मग थांबायचं. डोळा जबरदस्तीने उघडायचा नाही, शंकू दाबायचा नाही. डोळा थोडा वर वळला की छिद्राच्या काठावर थेंब सोडायचा, बाटलीचं टोक न टेकवता. सुरुवातीला तो मिटून घेतो आणि थेंब बाहेर तसाच मण्यासारखा बसून राहतो. घाई करायची नाही. दहा-वीस सेकंदांत कुतूहलाने छिद्र किलकिलं करतो आणि थेंब आपोआप आत ओढला जातो. ते बघायला फार गंमत वाटते. थेंब झाला की लगेच एक रेशीमकिडा. आता बाटली दिसली की तो बाटलीकडे नाही, माझ्या दुसऱ्या हाताकडे बघतो.

थेंब खोलीच्या तापमानाचे हवेत. आणि ऊब कमी करायची नाही, गार पडलेल्या सरड्यात औषधही नीट चालत नाही म्हणाले.

शंकासुर

अभिनंदन. पण एक खुसपट काढतोच. वेल काढली, नळी बदलली, पावडर बदलली, फवारणी वाढवली, डोळा धुतला, सगळं एकाच आठवड्यात. बरा झाला तर श्रेय कुणाला? उद्या कुणी हा धागा वाचून नुसती वेल काढेल आणि बसेल.

जनावरांची_डॉक्टर

खुसपट रास्त आहे, पण हा प्रयोग नाही, पेशंट आहे. एकेक गोष्ट बदलून वाट बघत बसले असते तर डोळा गेला असता. तरी तुम्हीच विचारलंत म्हणून माझं मत: केस नसता तर बहुधा डावा डोळा आत्ता बिघडला नसता. अस्तर निरोगी असतं तर बहुधा तो केस धुवून निघाला असता. दोन्ही दुरुस्त करायलाच हवं होतं.

दिवाबत्ती

आणि नळी.

जनावरांची_डॉक्टर

आणि नळी :)

फांदीवरचा (अकरा आठवड्यांनी)

उशिरा लिहितोय, कारण मला ती पाच-सहा आठवड्यांची वेळ टळू द्यायची होती. टळली. तशीच दुसरीही टळली. मध्ये एकदा कात टाकली, तेव्हा धाकधूक होती, पण डोळ्याभोवतीची कात दुसऱ्या दिवशी फवाऱ्यात घासून त्याने स्वतःच काढली. खऱ्या फांदीवर. कल्चरमधला जंतू पहिल्या व्हेटनी दिलेल्या औषधाला दाद देणारा निघाला, म्हणजे औषध चुकलं नव्हतं, पोहोचत नव्हतं. थेंब एकूण तीन आठवडे चालले.

वजन १६४. दर रविवारी काट्यावर काठी ठेवतो, तो चढतो, आकडा वहीत.

जिभेला वेळ लागला. पाचव्या आठवड्यापर्यंत वाडग्यातून खाऊ घालत होतो. काल एक नाकतोडा जाळीवर, त्याच्यापासून हातभर लांब होता. दोन्ही डोळे आधी वेगवेगळीकडे, मग हळूहळू दोन्ही नाकतोड्यावर आले. थोडा पुढे सरकला, तोंड किंचित उघडलं, जिभेचं टोक दिसलं, आणि पुढचं मला दिसलंच नाही. जाळी हलत होती आणि तो चावत होता.

सरडामावशी

वाचून हातातलं काम थांबलं. शाब्बास.

मूक_वाचक

केसाचा फोटो आहे का हो?

फांदीवरचा

आहे, डॉक्टरांनी काचपट्टीवर चिकटवून दिलाय. टाकतो उद्या. पहिलं श्रेय तुमचंच.

कालच_आलेली

नमस्कार, हा धागा शोधून आले. माझ्या पँथर कॅमेलियनचे चार दिवस दोन्ही डोळे मिटलेले आहेत, खात नाहीये. तीही अशीच कुठल्यातरी वेलीवर बसते. वेल काढू का?

शंकासुर

बघा, म्हणालो नव्हतो?

जनावरांची_डॉक्टर

वेल काढा, पण त्यावर थांबू नका. दोन्ही डोळे आणि चार दिवस उपाशी, ही वेगळी गोष्ट आहे. आजच व्हेटकडे. मादी आहे म्हणता, तर अंडी धरली आहेत का तेही बघायला सांगा. पोट भरलेलं दिसतंय का? खाली उतरून माती उकरते का?

सरडामावशी

आणि नवा धागा काढ गं बाई, इथे हरवून जाशील. पहिल्या ओळीत वजन लिही.